सुपातले, जात्यातले आणि बाकावरचे

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी आजीला फोनवर सांगितलं, "आजी, मला बेंचवर टाकलंय."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या पोरीले? काय केलं होतं बाई तू?"

तिच्या डोळ्यांसमोर शाळेतला बाक आला होता, आणि त्यावर कान धरून उभी असलेली मी. तिला समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. आमच्या आयटीत हातातला प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळाला नाही की माणूस 'बेंचवर' जातो. पगार चालू असतो, काम नसतं. मैदानाबाहेर राखीव खेळाडू बाकावर बसून असतात, तिथून हा शब्द आला. आमच्याकडे या बाकावर बसायची मुदत साठ दिवस होती. तेवढ्यात नवा प्रोजेक्ट मिळाला तर ठीक, नाहीतर 'परस्पर संमतीने' राजीनामा.

"बसल्या जागी पगार?" आजी म्हणाली. "मग रडून काहून राह्यली?"

मी रडत नव्हते. पण आवाज तसा येत असावा.

त्याच आठवड्यात वरून सगळ्यांना एक मेल आली. तिच्यात एक वाक्य होतं: 'वी आर पुटिंग अवर हाउस इन ऑर्डर.' म्हणजे आम्ही घर आवरायला काढलंय. माझ्या टीममधल्या बारापैकी पाच जणांना त्या महिन्यात नारळ मिळाला.

पुण्यातली खोली तशीच ठेवून, लॅपटॉप घेऊन मी नागपूरला महालातल्या घरी आले. मेलमधलं ते वाक्य आजीला मराठीत सांगितलं. ती तांदूळ पाखडत बसली होती. "घर आवरताना माणसं बाहेर फेकतात काय?" ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून पुढे म्हणाली, "जात्यातले रडतात, सुपातले हसतात. आपलं आपलं पाहावं."

ही म्हण मला पाठ होती. शाळेत जोड्या लावल्या होत्या, दोन गुण मिळाले होते. पण जातं चालू असताना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरचं जातं मागच्या अंगणात तुळशीच्या कुंडीखाली आहे. लहानपणी मी त्याला कुंडीचा ओटाच समजायचे.

बेंचवर वेळ भरपूर होता. त्या साठ दिवसांत मी एक उद्योग केला. आपण रोज तोंडाने ज्या घरात राहतो, म्हणजे म्हणींतल्या आणि वाक्प्रचारांतल्या घरात, तिथे नेमकं कुठलं सामान आहे ते पाहायचं. ते कुणाचं होतं, आणि त्यावर बसायचं कोण.

दाणा कुठे जातो

आजी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातली. तिच्या लहानपणी घरात जातं होतं, उखळ होतं, मुसळ होतं. कुंडी बाजूला सरकवून तिने मला जातं समजावून सांगितलं. खालची तळी जागची हलत नाही. वरची फिरते. वरच्या तळीला मधोमध तोंड असतं आणि कडेला लाकडी खुंटा. डाव्या बाजूला सूप ठेवायचं, त्यात दाणे. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने सुपातून मूठभर दाणे उचलून तोंडात टाकायचे. पीठ कडेने बाहेर पडतं.

सूप आणि जातं यांच्यात हातभर अंतर असतं. हे कळल्यावर ती म्हण मला पहिल्यांदा समजली. सुपातला दाणा सुखात नसतो, तो फक्त पुढच्या मुठीत असतो.

मग मी बाकीचं सामान धुंडाळायला लागले. 'उखळ पांढरं होणं' म्हणजे अचानक भरभराट होणं. उखळ पांढरं कधी होतं? कांडायला धान्य असेल तेव्हा. रिकाम्या घरातलं उखळ काळंच राहतं. आमच्या स्टँडअप मीटिंगला मी मनातल्या मनात 'तेच ते दळण' म्हणते, तेव्हा रोज पहाटे तेच काम पुन्हा करणाऱ्या बाईचा कंटाळा मी नकळत वापरत असते. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' यातली टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत झाली की तीच टाकी घेऊन पाथरवट किंवा वडार बाई दारात यायची आणि तळीला पुन्हा खाचा पाडून द्यायची. देव आणि जातं एकाच हत्याराने घडायचे.

यादी वाढत गेली. चूल, तवा, सूप, चाळण, शिंकं, घडा, पोहरा, खुंटी, उंबरठा. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं. आडात नसलं तर पोहऱ्यात येणार कुठून? पालथ्या घड्यावर पाणी. आपल्याच पोळीवर तूप. भांड्याला भांडं लागणारच. नागपुरात हिंदी अंगणातूनच आत येते, त्यामुळे शेजारच्या काकूंकडून 'सूप बोले तो बोले, छलनी भी बोले' हेही ऐकायला मिळालं. भोकाभोकांची चाळण दुसऱ्याला नावं ठेवते तेव्हाचं हे.

ही सगळी यादी समोर ठेवली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. यातली बहुतेक वस्तू कामाची होती. ती वापरायला वाकावं लागतं, उचलावं लागतं, फिरवावं लागतं.

बसणाऱ्यांचं घर

मग मी दुसरी यादी केली. ऑफिसात दिवसभर कानावर पडणारी इंग्रजी. 'बेंच' तर होताच. 'तुम्ही टेबलवर काय आणता?' हा इंटरव्ह्यूतला लाडका प्रश्न. निर्णय घेणारं 'बोर्ड': जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी, आणि पुढे तिचंच टेबल. त्या टेबलाच्या डोक्याशी खुर्ची, आणि तिच्यात बसणारा चेअरमन. 'कॅबिनेट' म्हणजे मुळात लहान खासगी खोली. राजा ज्यांना तिथे बोलावून सल्ला घ्यायचा त्यांचं पुढे मंत्रिमंडळ झालं. 'ब्यूरो' म्हणजे फ्रेंच लिहायचं मेज. त्यावर जे जाडंभरडं कापड अंथरायचे त्याचं नाव मेजाला मिळालं, मेजाचं नाव खात्याला मिळालं. 'बजेट' म्हणजे चामड्याची छोटी थैली.

आणि 'बँक'? तीही बाकच. इटलीतले सराफ ज्या बाकावर पैसे मांडून बसायचे तो बाक. 'बँकरप्ट' हा शब्द इटालियन 'बांका रोत्ता'वरून आला. अर्थ: मोडलेला बाक. हे वाचलं तेव्हा मी स्वतः बाकावर बसले होते, त्यामुळे फार हसू आलं नाही.

आपला फोनसुद्धा याच खोलीत तयार झाला आहे. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर एक कचेरीतलं टेबल मांडलं होतं: डेस्कटॉप, त्यावर फाइली, फोल्डर, येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाचे ट्रे. आपण आजही त्याच टेबलावर बोटं फिरवतो. स्वयंपाकघरातून संगणकशास्त्रात आलेली, अभ्यासाला लागलेली एक वस्तू मला आठवते ती चाळण. मूळ संख्या शोधायची इरॅटोस्थेनिसची चाळण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही कोडमध्ये लिहिली होती. ती चाळणीसारखीच चालते, पण वर्गात कुणी पीठ चाळलेलं नव्हतं.

इथे एक घाईचा निष्कर्ष काढायचा मोह होतो: इंग्रजी भाषा बसणाऱ्यांची, मराठी राबणाऱ्यांची. तो खोटा आहे. मराठीतही गादी आहे, मसनद आहे, आणि सत्तेसाठी रोज वापरला जाणारा शब्द 'खुर्ची' हाच आहे. उलट इंग्रजीलाही स्वयंपाकघर आहे. आपण आगीतून फुफाट्यात पडतो, ते तव्यातून विस्तवात पडतात. आपली चाळण सुपाला नावं ठेवते, त्यांचं भांडं किटलीला काळी म्हणतं. तिथेही कुणीतरी बाई चुलीशी वाकलेली होतीच.

फरक आपल्या वाट्याला काय आलं यात आहे. मराठी आपल्याला घरात मिळाली, आजीकडून, आईकडून, अंगणातून. इंग्रजी मिळाली शाळेत, कचेरीत, कोर्टात, आणि आता ऑफिसात. म्हणून इंग्रजांच्या घरातलं सामान आपल्याकडे आलं ते मुख्यतः दिवाणखान्यातलं. टेबल, खुर्ची, बाक, कपाट, गालिचा. त्यांचं स्वयंपाकघर पुस्तकांतून थोडंफार दिसलं, तेवढंच.

दिवा लावून बसणं

मोडलेल्या बाकाचा मराठी जोडीदार मात्र घरातच सापडला. 'दिवाळं'.

१८०८ साली मुंबईत रॉबर्ट ड्रमंड नावाच्या इंग्रजाचं गुजराती, मराठी आणि इंग्रजी या भाषांवरचं एक पुस्तक छापलं गेलं. त्यात त्याने एक रीत नोंदवली आहे. व्यापारी बुडाला, किंवा बुडतोय असं त्याच्या लक्षात आलं, की तो घरात किंवा दुकानात मोठा दिवा पेटवून ठेवायचा आणि हिशेब मिटेपर्यंत निघून जायचा. 'दिवाळं' हा शब्द त्या दिव्याशी जोडला जातो. पुढे १८८६ साली आलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशाने ड्रमंडची नोंद उचलली, आणि ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही हेही लिहून ठेवलं.

व्युत्पत्ती वादाची असेल, पण रीत मात्र ड्रमंडने लिहून ठेवली आहे. मला ती फार माणसाळलेली वाटते. एका भाषेत बुडालेल्या माणसाच्या नावाशी मोडका बाक आहे, दुसरीत पेटता दिवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला काही विचारावं लागत नाही, दुकानदाराला काही सांगावं लागत नाही. आमच्याकडे याला 'परस्पर संमती' म्हणतात.

घर फिरलं तेव्हा

'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.' ही म्हण मी हजारदा ऐकली असेन. पण ती कुठे घडली असं कुणी विचारलं तर मी आता आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं ठिकाण दाखवेन.

महाल या भागाचं नावच भोसल्यांच्या राजवाड्यावरून पडलं. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. मागे वारस नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर धरून १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा केलं. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. पण राज्य खालसा झालं म्हणजे घराचं काय झालं, हे जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने १८६४ साली लिहून ठेवलं आहे.

घर विकायला काढलं गेलं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल गेले. दागदागिने, थोडे वगळून, कलकत्त्याच्या बाजारात पाठवले. मग वाड्यातलं सामान बाहेर काढायची वेळ आली. तेव्हा वयोवृद्ध बाकाबाईने, म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या विधवा राणीने, नात्याने तिसऱ्या रघूजींच्या आजीने, धमकी दिली: सामानाला हात लावलात तर वाडा पेटवून देईन.

सामान तरीही निघालं.

ही बाकाबाई साधी बाई नव्हती. १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि लहान रघूजींना बसवलं, तेव्हा इंग्रज रेसिडेंटच्या सल्ल्याने तिने राजमाता म्हणून कारभार सांभाळला होता. नागपूरकरांनी तिला माफ केलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. त्यातली काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात, आणि ती बाकाबाईची प्रतिमा आहे असंही. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्यांत शहर दरवर्षी तिला मिरवतं आणि जाळतं. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मीही ओरडले आहे.

इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून जिला शहर जाळतं, तीच पस्तीस वर्षांनी इंग्रजांना 'सामान नेलंत तर घर जाळेन' म्हणाली होती. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत. ज्या कंपनीच्या भरवशावर तिने घर उभं ठेवलं, त्याच कंपनीने ते आवरायला काढलं. हो, तेव्हाही ती कंपनीच होती. ईस्ट इंडिया कंपनी. भागधारक होते, संचालक मंडळ होतं, आणि लंडनमध्ये एक टेबल होतं.

आजीला मी ही गोष्ट वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भांडी पण नेली असतील का गं?"

के यांच्या पुस्तकात भांड्यांचं काही नाही.

म्हणणारी कोण

म्हण हा शब्द 'म्हणणे'पासून आला. म्हणजे कुणीतरी म्हणालं असणार. कोण?

मराठी शब्द मोठ्या प्रमाणावर कागदावर उतरवले ते जेम्स मोल्सवर्थ या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. हाताशी ब्राह्मण पंडितांचा गट होता. मराठी माणसांनी कौतुकाने त्याचा 'मोलेसरशास्त्री' केला. १८९९ साली ए. मॅन्वेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह केला, तो ऑक्सफर्डला छापला गेला. १९१० साली वा. गो. आपट्यांचं 'मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी' आलं. मग य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे दोन खंड १९४२ आणि १९४७ साली काढले. हे सगळं काम प्रचंड आहे. हा लेख त्यावरच उभा आहे.

पण या मुखपृष्ठांवर जातं फिरवणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही. दोष कुणाचा असं नाही, तेव्हा पद्धतच ती होती. म्हण ही विहिरीच्या पाण्यासारखी, सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. त्याच संग्रहांत विधवांना हिणवणाऱ्या, जातीवरून माणसाला तोडणाऱ्या म्हणीही भरपूर आहेत. तेव्हा 'आपल्या म्हणी म्हणजे शहाणपणाचा ठेवा' असं सरसकट म्हणायला माझी जीभ वळत नाही. घरात कचराही असतो.

नाव लिहून घ्यायची पद्धत फार उशिरा आली, आणि ती जात्यापाशीच आली याचा मला आनंद आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसोबत गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. संगणक जाणणारे संगीत-अभ्यासक बर्नार बेल यांनी त्यांचा डेटाबेस उभा केला. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला, वाचायला मिळतात, आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. मी रोज डेटाबेसवर काम करते. टेबलमध्ये एक रकाना वाढवायला किती सेकंद लागतात ते मला माहीत आहे. 'कुणी म्हटलं' हा रकाना मराठीच्या टेबलात यायला दीडशे वर्षं लागली.

हे सगळं मी भारावून आजीला सांगत होते. जातं पुन्हा स्वच्छ करू, दळून पाहू, व्हिडिओ काढू.

"काही नको," ती म्हणाली. "चार वाजता उठून दळत होती माझी माय. हाताले घट्टे पडले होते. गावात चक्की आली तेव्हा ती देवाच्या पाया पडली. तुले दळाची हौस येऊन राह्यली, कारण तुले दळा लागलं नाही."

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण खरीच असेल. पण बसण्यावाचून पर्याय नव्हता, हे ती सांगत नाही.

गालिच्याखाली

सामान बदललं की भाषा बदलते, पण सावकाश. घरोघरी मातीच्या चुली अजून आहेत, तोंडात. ओट्यावर गॅस आहे. भाऊ वेगळे झाले की अजूनही 'वेगळी चूल' मांडतात, आणि गंमत म्हणजे सरकारही तसंच मोजतं. जनगणनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एकत्र राहून सामायिक स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही. चूल एक हवी.

नवे वाक्प्रचारही येतात. 'प्रकरण गालिच्याखाली ढकललं', 'कपाटातले सांगाडे बाहेर आले' अशी वाक्यं मी मराठी बातम्यांत वाचते. भाषेत पाहुणे यावेतच. पण आजीच्या माहेरी जमीन शेणाने सारवलेली होती. तिथे गालिचा नव्हता. केर लपवायचा तर कुठे लपवणार? तो सुपलीत भरून बाहेरच टाकावा लागायचा, सगळ्या आळीदेखत. दिवाणखान्यातल्या भाषेची ही एक सोय आहे. तिच्यात लपवायला जागा भरपूर असते. 'राइटसाइझिंग', 'रिलीज', 'घर आवरणं'. माणसाला कामावरून काढलं हे वाक्य त्यात कुठेच ऐकू येत नाही.

मूठ

त्रेपन्नाव्या दिवशी मला प्रोजेक्ट मिळाला. मॅनेजरचा कॉल संपला आणि मी अंगणात येऊन मोठ्याने हसले. खरंच हसले, एकटीच.

दोन तासांनी माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचा मेसेज आला. तो माझ्याआधी आठवडाभर बेंचवर गेला होता. त्याचा साठावा दिवस होता. त्याला त्या सकाळी राजीनामा लिहायला सांगितलं होतं. त्याने पुढे एक हसणारा इमोजी टाकला होता.

मी आजीकडे जाऊन बसले. म्हटलं, "तू म्हणाली होतीस ना, सुपातले हसतात. मी हसले गं."

आजी मेथी निवडत होती. ती म्हणाली, "दाण्याले काय कळते? सुपातून जात्यात तो आपल्या पायाने थोडीच जाते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या म्हणीत तिसरं कुणीतरी आहे. सुपातला दाणा आहे, जात्यातला दाणा आहे, आणि दोघांमधली मूठ आहे. म्हण पहिल्यांदा जिने म्हटली असेल ती दाण्यांत नव्हती. ती खुंटा धरून बसली होती. एका कानाने हसणं आणि दुसऱ्या कानाने रडणं ऐकू येईल इतकी दोन्हींच्या जवळ. तिला निदान माहीत होतं की मूठ आपली आहे. आमच्याकडे मूठ कुणाची, हे त्या मेलमध्ये शोधूनही सापडत नाही. खाली सही 'टीम'ची होती.

आमच्या घरात खुर्चीवर बसून पैसे मिळवणारी पहिली बाई मी. पणजी जात्याशी बसली, आजी चुलीशी. मी बाकावर बसले आणि परत खुर्चीवर आले. मला ती खुर्ची हवी आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त तिच्यावर बसून पुढच्या वेळी 'घर आवरतोय' असं कुणी म्हणालं, तर आजीचा प्रश्न विचारायचा, एवढं मी ठरवलं आहे.

त्या संध्याकाळी मी मित्राला मेसेज केला नाही, फोन लावला. काय बोलावं सुचत नव्हतं. तोच म्हणाला, "तू नागपूरला आहेस ना? मारबत कधी असते गं? या वर्षी यायचं म्हणतोय. बरंच काही द्यायचंय तिच्यासोबत."

मग आम्ही दोघंही हसलो.